भिंगरीला हवं एक पान

हौसाक्काच्या परसात एक फुलपाखरू राहायचं.
काळं काळं फुलपाखरू. पंखांवर पांढरे ठिपके.
त्याचं नाव भिंगरी.

भिंगरीच्या पोटात एक अंडं होतं. इवलंसं. मोहरीहून लहान.
अंडं ठेवायला तिने एक पान निवडलं. कढीपत्त्याचं पान. कोवळं, लुसलुशीत.
"इथे माझं बाळ निघेल. हेच पान खाईल," भिंगरी म्हणाली.

मग ती झेंडूवर गेली. पोटभर मध प्यायली. परत आली.
बघते तर काय, पान नाही.
हौसाक्काने ते खुडलं होतं. आमटीच्या फोडणीत टाकलं होतं. चुर्रर्र.
झाडावर उरली जुनी पानं. जाड जाड, राठ राठ. ती बाळाला चावणार कशी?

भिंगरीला बसवेना. भिंगरीला राहवेना.
इकडे गेली, भिर भिर. तिकडे गेली, भिर भिर.

"कढीपत्त्या, कढीपत्त्या, नवं पान दे."
कढीपत्ता म्हणाला, "कसं देऊ? माझी माती कडक झाली. गांडूळ माती भुसभुशीत करेल, तर मी पान देईन."

भिर भिर भिर. भिंगरी गेली गांडुळाकडे.
गांडूळ खोल बसलं होतं. भिंगरीने भेगेत डोकं घातलं.
"गांडूळदादा, गांडूळदादा, माती भुसभुशीत कर.
कढीपत्ता पान देईना.
मी अंडं कुठे ठेवू?"
गांडूळ म्हणालं, "कशी करू? वर ऊन आहे. माती तापली. माझं अंग भाजतं. काकडी सावली घालेल, तर मी माती भुसभुशीत करीन."

भिर भिर भिर. भिंगरी गेली काकडीच्या वेलाकडे.
"काकडीताई, काकडीताई, सावली घाल.
गांडूळ माती भुसभुशीत करेना.
कढीपत्ता पान देईना.
मी अंडं कुठे ठेवू?"
काकडी म्हणाली, "कशी घालू? माझ्या पानांवर मावा बसलाय. हे बघ, हिरवे हिरवे बारीक किडे. माझा सगळा रस पितात. ढालकिडा मावा खाईल, तर मी सावली घालीन."

भिर भिर भिर. भिंगरी गेली ढालकिड्याकडे.
ढालकिडा कुंपणावर होता. लाल लाल पाठ, काळे काळे ठिपके. पंख उघडून निघालाच होता.
"ढालकिड्या, ढालकिड्या, थांब. मावा खा.
काकडी सावली घालेना.
गांडूळ माती भुसभुशीत करेना.
कढीपत्ता पान देईना.
मी अंडं कुठे ठेवू?"
ढालकिडा म्हणाला, "मी इथे राहू कसा? जिकडे बघावं तिकडे झेंडू. मला लागतात कोथिंबिरीची फुलं. बारीक बारीक, पांढरी पांढरी. कोथिंबीर फुलेल, तर मी मावा खाईन."

कोथिंबीर? परसात कोथिंबीर नव्हतीच.
मग होती कुठे?
धने होते स्वयंपाकघरात. डब्यात.
भिर भिर भिर. भिंगरी खिडकीतून आत गेली. डब्याचं झाकण उघडंच होतं.
"धन्यांनो, धन्यांनो, कोथिंबीर व्हा. फुला.
ढालकिडा मावा खाईना.
काकडी सावली घालेना.
गांडूळ माती भुसभुशीत करेना.
कढीपत्ता पान देईना.
मी अंडं कुठे ठेवू?"
धने म्हणाले, "कसे फुलू? इथे ना माती, ना पाणी. हौसाक्का आम्हाला पेरेल, तर आम्ही फुलू."

भिर भिर भिर. भिंगरी गेली हौसाक्काकडे.
हौसाक्का तांदूळ निवडत होती. भिंगरी तिच्या नाकासमोरून गेली. कानाजवळून गेली. पुन्हा नाकासमोर आली.
"अगं, डोळ्यात जाशील," हौसाक्का म्हणाली. "जरा बस की."
"मला बसवत नाही. हौसाक्का, हौसाक्का, धने पेर.
धने फुलेनात.
ढालकिडा मावा खाईना.
काकडी सावली घालेना.
गांडूळ माती भुसभुशीत करेना.
कढीपत्ता पान देईना.
मी अंडं कुठे ठेवू?"

हौसाक्काचे हात थांबले.
"ते पान तुझं होतं होय? मला बाई ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "पण पेरू कुठं? मला झेंडू आवडतो, म्हणून सगळीकडं झेंडूच लावला. आता बोट ठेवायला जागा नाही. झेंडू सरकेल, तर मी धने पेरीन."

भिर... भिर... भिर. भिंगरीचे पंख दुखत होते. तरी ती गेली झेंडूकडे.
"झेंडूदादा, झेंडूदादा, थोडं सरक.
हौसाक्का धने पेरेना.
धने फुलेनात.
ढालकिडा मावा खाईना.
काकडी सावली घालेना.
गांडूळ माती भुसभुशीत करेना.
कढीपत्ता पान देईना.
मी अंडं कुठे ठेवू?"

झेंडूने माना हलवल्या. हा झेंडू, तो झेंडू, सगळे झेंडू.
"भिंगरी, तू रोज येतेस," ते म्हणाले. "या फुलावरून त्या फुलावर जातेस. म्हणून तर आमचं बी धरतं. तुझ्यासाठी आम्ही सरकू. आणि इथे दाटी किती झालीय बघ. पाय पसरायलाही जागा नाही. हौसाक्काला सांग, खुरपं घेऊन ये."

हौसाक्का खुरपं घेऊन आली. खुरुक खुरुक, खुरुक खुरुक.
एक झेंडू कुंपणापाशी. एक झेंडू विहिरीपाशी. एक झेंडू दारापाशी.
मधे झाली मोकळी जागा.
"आता जागा आहेच, तर मेथीही टाकते," हौसाक्का म्हणाली. "मुळाही लावते. दोन भेंड्याही लावते."

झेंडू सरकला.
हौसाक्काने धने रगडले. धने पेरले. पाणी घातलं, झुळुझुळु.
भिंगरी वाफ्यावर घिरट्या घालू लागली.
"उगवली का?"
"थांब गं."
"आता फुलली का?"
"थांब गं भिंगरी, वाढू तर दे."

कोथिंबीर उगवली. कोथिंबीर वाढली. कोथिंबीर फुलली. पांढरी पांढरी फुलं, वाऱ्यावर डुलू डुलू.
ढालकिडा परत आला. त्याने मावा खाल्ला, मटामट मटामट.
काकडीचा वेल पसरला, सर सर सर. त्याने सावली घातली.
गांडूळ वर आलं. वळवळ वळवळ. त्याने माती भुसभुशीत केली.
कढीपत्त्याने मुळं पसरली. पाणी प्यायला. त्याला फुटलं एक पान.
कोवळं. लुसलुशीत.
"घे, भिंगरी," कढीपत्ता म्हणाला. "हे तुझं."

भिंगरी पानावर उतरली.
पंख मिटले.
हळूच एक अंडं ठेवलं.
मग ती बसून राहिली. अगदी गप्प.

अंडं तडकलं. टिच.
बाहेर आली एक अळी. इवलीशी.
तिने पानाची कड धरली. कुरुम. कुरुम. कुरुम.

अळी लागली जेवायला,
आपणही चला जेवायला.