ओल्शिनाच्या मठातली घंटा

बोहेमियाच्या थंड मुलखात, एका मोठ्या तळ्याच्या काठी ओल्शिना नावाचे गाव होते. घरे जेमतेम तीस, आणि टेकाडावर जुना दगडी मठ. त्या मठात माता बोझेना राहत असत. त्यांच्या दारी आलेले मन कधी जड होऊन परतले नाही, असे गावकरी सांगत.

मठाची घंटा वाजवण्याची सेवा मातांनी दोब्रावाला दिली होती. तापात या विधवेचे दोन्ही कान गेले होते. समोरच्याचे ओठ पाहून ती बोलणे ओळखायची. पाणचक्कीवाला हावेल भर चौकात म्हणे, "मठात काय माणसांचा दुष्काळ पडलाय? बहिरीच्या हाती घंटा! उद्या आंधळ्याला पहाऱ्यावर बसवा!" लोक हसत. दोब्रावाला ती हसणारी तोंडे दिसत, आणि ती मान खाली घालून टेकाड चढू लागे.

हिवाळ्यातल्या एका दुपारी एकाएकी दाट धुके उतरले. हावेलची बायको कातेरिना धापा टाकत मठात आली.

"माते, हे लेकीला घेऊन बाजारातून निघालेत, गोठलेल्या तळ्यावरून! ओढ्याच्या तोंडाशी बर्फ पातळ आहे. वाट चुकून तिकडे वळले तर..." पुढे तिला बोलवेना.

माता दोब्रावासमोर आल्या आणि सावकाश म्हणाल्या, "घंटा वाजव, बाळ. आवाजाच्या रोखाने येतील. थांबू नकोस."

दोब्रावाने दोर ओढला. ओढतच राहिली. वाजतेय ना? तळ्यापर्यंत पोचतेय ना? तिला कळायला मार्ग नव्हता. कातेरिना दाराशी धुक्यात डोळे रुतवून उभी होती. तास झाला. तळहात सोलले, दोर रक्ताने ओला झाला. तरी कोणी येईना. आणि अचानक वर काहीतरी सुटले. कुजका दोर तुटून तिच्या अंगावर कोसळला.

"माते, तुटला! माझ्या हातून तुटला!" ती मटकन खाली बसली. "आता त्या पोरीचं कसं होणार हो?"

मातांनी डोळे मिटून हात जोडले होते. ओठ हलत होते. मग त्यांनी दोब्रावाचा सोललेला हात धरला आणि हळूच भिंतीवर टेकवला.

दगड थरथरत होता! क्षणभर थांबला, पुन्हा थरथरला. दोब्रावाने वर पाहिले. घंटा झुलत होती, आणि तिला कोणाचाही हात नव्हता!

किती वेळ गेला कोण जाणे. कातेरिनाने दार सोडून बाहेर धाव घेतली, आणि धुक्यातून हावेल आला. खांद्यावर लेक, एक पाय गुडघ्यापर्यंत भिजलेला.

"पायाखाली बर्फ फुटलं," तो कापत म्हणाला, "तेवढ्यात उजवीकडून घंटा ऐकू आली. तशीच लेक उचलली आणि वळलो..."

बोलता बोलता त्याची नजर फरशीवरच्या तुटक्या दोराकडे गेली. मग वर, झुलत्या घंटेकडे.

"माते, हे कोण वाजवतंय?"

"हिने सुरू केलं," माता म्हणाल्या, "ते देवाने पुरं केलं."

घंटा हळूहळू स्थिरावली. हावेल मातांच्या पाया पडायला वाकला, तर त्या बाजूला झाल्या आणि त्यांनी दोब्रावाकडे बोट केले. गावाला हसवणारा तो माणूस गुडघ्यांवर बसला, त्याने तिच्या पायांवर डोके ठेवले आणि हुंदक्यांत काहीबाही बोलू लागला. खाली वळलेले त्याचे ओठ दोब्रावाला दिसेनात. ती बिचारी गोंधळून गेली.

"अहो, उठा, उठा," ती म्हणाली, "भिजलाहात, आणि फरशी केवढी गार आहे!"