राजाने न उकरलेला कंद

एका राज्यात धवलसेन नावाचा राजा होता. राज्य थंड, राजा तापट. दूध उकळायच्या आधी साय मागणारा. एकदा शिकारीला गेला असता जादूगाराच्या बागेत त्याला हिमकळी दिसली. ऐन बर्फात उमललेली, पांढरीशुभ्र, मान खाली घातलेली. लेकीच्या वेणीत शोभेल म्हणून राजाने ती मुळासकट उपटली. कुणाला विचारलं? छे! राजाच तो.

जादूगार म्हणाला, "उपटलीस, आता फुलवून दाखव. तोवर तुझी लेक बर्फाची."

राजा घरी येतो तो काय, राजकन्या इरावती झरोक्यात बसलेली. अंग गार, डोळे उघडे, वाचा नाही. राजा धाय मोकलून रडला. तेव्हा झरोक्यावरच्या साळुंकीने त्याला तीन कामं सांगितली. काचेच्या डोंगरापलीकडून हिमकळीचा कंद आणायचा, तोही पानं हिरवी असतानाच. अक्रोडाखाली, कुजलेल्या पाल्यात तो आपल्या हाताने लावायचा. आणि तिसरं, फूल येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

पहिली दोन कामं राजाने हां हां म्हणता केली. डोंगर चढताना नखं गेली, त्याचं काही नाही. तिसऱ्यापाशी घोडं अडलं. राज्यातल्या हरेक वस्तूची रोज पाहणी करायची, हा त्याचा रिवाज. मग कंदाची का नको? पानं पिवळी पडून गळाली, तसा त्याचा जीव खालीवर झाला. त्याने माती उकरली, कंद पाहिला, पुन्हा पुरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! मुळं तुटली, कंद कुजला. त्याला चिकटलेलं लसणाच्या पाकळीएवढं पिल्लू तेवढं वाचलं.

साळुंकी म्हणाली, "महाराज, मातीला हुकूम कळत नाही. हेही गेलं, तर राजकन्या गेली."

राजाने पिल्लू पुरलं आणि हात मांडीखाली दाबून शेजारी बसला. उन्हाळा गेला, पाऊस गेला. कंद जिवंत आहे की नाही, कोण सांगणार? हिवाळ्यात नुसतीच पानं आली. राजा रडला, पण उकरलं नाही. बसल्या बसल्या त्याला आठवलं, लेकीला फूल हवं का, हे तरी आपण कुठे विचारलं होतं?

पुढच्या बर्फात हिमकळी उमलली, मान खाली घालून. तिचं तोंड पाहायला राजाने जमिनीला कपाळ टेकलं. मुकुट घरंगळला, त्याचं त्याला भानही नव्हतं.

वर झरोक्यातून आवाज आला, "बाबा, थंडी वाजतेय."

शाल घेऊन राजा धावला. लेकीला पांघरताना त्याने आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "हिमकळी आणू, वेणीत माळायला?"

"नको. मीच खाली येते बघायला."

त्यांची कळी उमलली, तशी ज्याची त्याची, ज्याच्या त्याच्या वेळी उमलो.