न तडकलेली सुरई

संस्थानचे कारभारी दाजीसाहेब यांनी कुंभारांना फर्मावलं, "त्याच त्या सुरया बघून कंटाळलो. महिन्याभरात नवा घाट हवा. आणि भट्टीत एक जरी तडकली, तर चाक जप्त करीन."

चाक जाईल या भीतीनं सगळ्यांनी जुनेच घाट घडवले. सटवा कुंभारानं मात्र हंसाच्या मानेची, गेरू फासलेली सुरई आणली. दाजीसाहेबांनी ती कौतुकानं मांडीवर घेतली आणि पाणी भरायला लावलं. बघता बघता बूड विरघळलं आणि रेशमी धोतरावर चिखल पसरला.

"हा काय आचरटपणा?" दाजीसाहेब ओरडले.

सटवानं नजर खाली केली नाही. "घाट नवा हाय, सरकार, आन् तडकली बी न्हाई. तुमच्या हुकमाच्या धाकानं भट्टीत घातलीच न्हाई. पाणी धरणारी पाहिजे, तर आधी चार तडकू द्या."