पुंगळी कुठे पडते

“…मग स्प्रिंग बदललीस?”

“बदलली, उस्ताद.”

“आणि?”

“एक्स्ट्रॅक्टर बदलला. मॅगझिन बदललं. शेवटी बोल्टसुद्धा दुसऱ्या रायफलीचा घालून पाहिला.”

“आणि?”

“तरी अडकते,” तोरसकर म्हणाला.

उस्ताद हसन शिकलगार पोलीस दलात चौतीस वर्षं आर्मरर होते. बंदुका दुरुस्त करण्यात हयात गेली, आणि निवृत्तीनंतरही ते डोंगराखालच्या जुन्या फायरिंग रेंजला लागून दोन खोल्यांत राहिले. दलातले निम्मे आर्मरर त्यांच्या हाताखाली शिकलेले. विश्वास तोरसकर त्यातलाच एक. नऊ वर्षांपूर्वी कोर्सला पहिला आला होता. त्यानंतर आज प्रथमच तो इकडे फिरकला होता, वरिष्ठांची परवानगी घेऊन, एक रायफल आणि काडतुसांच्या दोन पेट्या जीपमध्ये टाकून.

वैशाखातली दुपार कलली होती. रेंजच्या कडेला सावरीची झाडं होती. त्यांची बोंडं फुटली होती, आणि कापूस हवेत इतका सावकाश तरंगत होता की तो खाली येतोय की वर चाललाय ते कळत नव्हतं.

“जुन्या लॉटची, आधीच्या खेपेची काडतुसं घातली की चालते,” तोरसकर म्हणाला. “नव्या लॉटला पाचव्या-सहाव्या राउंडला अडकते. स्प्रिंग हलकी घातली तर नवा लॉट चालतो, पण मग जुन्यानं बोल्ट मागं असा आपटतो की रायफल टिकायची नाही. काडतुसंच खराब आहेत. तसा अहवाल लिहितो.”

“अहवाल लिहायला इथं कशाला आलास?”

तोरसकरनं जीपमधून रायफल आणून उस्तादांपुढं ठेवली.

“कोणाची रायफल?”

“देवाजी उसेंडी. जंगलातल्या चौकीवरचा शिपाई आहे.” तो थांबला. “गस्तीवर असताना नाल्यापलीकडून गोळीबार झाला. चार राउंड गेले. पाचव्याला काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर पडलीच नाही, आत चिमटून बसली. सोबती येईपर्यंत तो एका खडकामागं पडून होता.”

“लागलं?”

“खांद्याला. चाटून गेली.”

उस्तादांनी मान हलवली. कापसाचा एक पुंजका त्यांच्या दाढीत अडकला. तो त्यांनी काढला नाही…

तोरसकरला देवाजी आठवला. हात झोळीत अडकवून तो स्वतः रायफल घेऊन आला होता. ती टेबलावर ठेवून, घरच्या आजारी जनावराबद्दल विचारावं तसं त्यानं विचारलं होतं, “साहेब, ही बरी होईल ना?” तेव्हापासून तीन आठवडे तोरसकरला धड झोप नव्हती.

“नवं घातलंस ते सगळं काढ,” उस्ताद म्हणाले. “आली होती तशी कर.”

“तशी तर ती अडकते.”

“म्हणूनच.”

तोरसकरनं जुने भाग परत बसवले. तोवर उस्तादांनी खोलीतून एक पांढरी चादर आणली आणि गोळी झाडण्याच्या जागेच्या उजव्या अंगाला गवतावर पसरली. चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले.

“नवा लॉट. सावकाश मार.”

तोरसकरनं पालथं पडून नेम धरला. पहिला आवाज झाला. तो डोंगराला लागून परत आला, आणि थोड्या वेळानं, आणखी दुरून, पुन्हा एकदा आला.

“निशाण्याकडं नको बघू. इकडं बघ.”

तोरसकरनं मान वळवली. पुंगळी त्याच्या कोपरापासून हातभर अंतरावर पडली होती. दुसरी तिच्याजवळ. तिसरी तर अशी आळसावून बाहेर आली की जणू तिला यायचंच नव्हतं. पाचव्या राउंडला रायफल अडकली.

“आता जुना लॉट.”

जुन्या लॉटच्या पुंगळ्या जरा पुढे पडल्या, पण सगळ्या एकाच जागी, ताटलीएवढ्या वर्तुळात. इतक्या काळजीतही तोरसकरच्या तोंडून गेलं, “बघा, कशा एका जागी पडतात.”

“रायफल छान जुळवलीय. कोणी?”

सावरीखालून वारा आला. चादर किंचित फुगली आणि बसली…

“मी.”

गोळी सुटली की नळीतला थोडा वायू मागे वळतो आणि बोल्टला, म्हणजे नळीमागच्या सरकत्या दांड्याला, ढकलतो. त्यानंच पुंगळी बाहेर पडते आणि पुढचं काडतूस आत येतं. वायू कमी पडला की पुंगळी जवळच पडते, नाहीतर आतच अडकते. किती वायू वळवायचा ते एका खाचांच्या कड्यावर ठरतं. उस्तादांनी त्या कड्यावर नुसतं बोट ठेवलं.

“हे कुठवर फिरवलंस?”

“जिथं चालू लागली तिथं थांबलो. त्याच्यावर एक खाच नाही. त्यानं धक्का कमी बसतो, नेम बरा लागतो. माझ्या हातच्या रायफली सगळ्यांत मऊ, असं तुकडीत म्हणतात.”

“चालू लागल्यावर वर आणखी दोन खाचा फिरवायच्या, असं पुस्तकात आहे.”

“त्या… ज्यांना नीट जुळवता येत नाही, त्यांच्यासाठी आहेत.”

बोलून गेल्यावर तोरसकरला आपलाच आवाज परका वाटला. उस्ताद रागावले नाहीत.

“जुळवलीस तेव्हा काडतुसं कुठली होती?”

“जुना लॉट.”

“रायफल?”

“नुकतीच पुसलेली. तेल दिलेली.”

“वेळ?”

“सकाळची. मोकळं मैदान होतं.”

“आणि नाल्यात?”

नाल्यात चार दिवसांच्या गस्तीची धूळ होती. हाताला येतील ती काडतुसं होती, दोन्ही लॉटची, मिसळलेली. तोरसकरनं गुडघे टेकले आणि कडं दोन खाचा फिरवलं. टक्… टक्. बोटं मोडल्याएवढाच आवाज.

उस्तादांनी दोन्ही पेट्यांतली काडतुसं एका परातीत ओतली आणि तांदूळ कालवावेत तशी हातानं कालवली.

“मार.”

तोरसकरनं वीस राउंड मारले. मग चाळीस. मग साठ. खांद्याला धक्के आता जोरात बसत होते. पुंगळ्या चादर ओलांडून गवतात जाऊन पडत होत्या, एक इथं, एक तिथं. प्रत्येक आवाजासरशी हवेतला कापूस क्षणभर थबकायचा आणि पुन्हा तरंगू लागायचा. रायफल एकदाही अडकली नाही.

तो बराच वेळ तसाच पालथा पडून राहिला. नाल्यातल्या खडकामागे माणूस असाच पडला असेल…

“उस्ताद, ती रायफल चौकीला दिली तेव्हाच्या दाखल्यावर सही माझी होती.”

“ठाऊक आहे.”

“कसं?”

“आल्या आल्या काडतुसांना दोष दिलास.”

तोरसकर उठून बसला. खिशातून त्यानं घडी केलेला कोरा दाखला काढला. ‘रायफल वापरास योग्य.’ सोमवारी ती देवाजीकडे परत जायची होती. नऊ वर्षांत असे शेकडो दाखले त्यानं चहा पिता पिता सही करून दिले होते.

“आणखी दोनशे राउंड मारून पाहू?”

“पाहा.”

“मग खात्री होईल?”

उस्तादांनी कोपऱ्यांवरचे दगड उचलले. चादर झटकली. पांढरा कापूस पांढऱ्या चादरीवरून उडाला आणि उन्हात दिसेनासा झाला.

“नाही.”

“मग सही कशी करू, उस्ताद? आजवर कधी भीती वाटली नव्हती, आता वाटते.”

उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं. चादरीची घडी पूर्ण केली…

“आता कर.”