पापडावरची सावली

एका गावात एक पाटील होता. पारावर बसला की मांडीवर थाप मारून म्हणायचा, "सात गावांत माझ्याएवढा हुशार पाटील नाही!" आणि कोणी मान डोलवायच्या आत स्वतःच मिशीत हसायचा, "आता बाकीच्या सहा गावांत पाटीलच नाही, ती गोष्ट वेगळी."

गावाचं नाव होतं ते पापडांसाठी. चैत्र-वैशाख आला की अंगणात, ओट्यावर, खाटेवर, जिथे म्हणून ऊन पडेल तिथे पापड. कोंबड्यासुद्धा अंग चोरून चालायच्या. पाहुणा आला तर त्याला आधी ओरडून सांगत, "पाय जपून!" आणि मग विचारत, "बरे आहात ना?"

एकदा काय झालं, एकाने घरावर पार कुंपणाबाहेर झुकलेली माडी चढवली. माडीची सावली पडली शेजारच्या ठकूबाईच्या वाळवणावर. पापड वाळलेच नाहीत, वर बुरशी धरली. ठकूबाई लाटणं घेऊन निघाली, माडीवाल्याची बायको मुसळ घेऊन निघाली, आणि सोडवायला मध्ये पडलेल्या पाटलाला दोन्हीकडून प्रसाद मिळाला. टेंगळावर हळद थापून त्याने नियम केला. ज्याला घर बांधायचं किंवा माडी चढवायची, त्याने आधी तेवढ्या उंचीचा बांबू जागेवर उभा करावा. शेजाऱ्यांनी आपले पापड मांडावेत. पंचांनी बघावं. सावली पापडाला शिवली, की घर नाही.

नियम चांगलाच होता. ठकूबाईने तर पाटलाची दृष्ट काढली.

पण बांबू उभा करायचा कधी? वैशाखात पंच लग्नाच्या पंगतींत गुंतलेले. पावसाळ्यात शेतात. पौषात मात्र मुहूर्त नसतात, पंच रिकामे. तेव्हा ठरलं, पौषातच करायचं आणि तेही सकाळी सकाळी. म्हणजे पंचांना बसल्या बसल्या कोवळं ऊन खाता येतं.

आता पौषातली सकाळची सावली ती! बांबू या आळीत उभा करावा, तर सावली पलीकडच्या आळीत ताक मागायला जायची. घराचं राहू द्या, एकाने कोंबड्यांच्या खुराड्यासाठी परवानगी मागितली, तर तेही नियमात बसेना. शेजारी डब्यातले पापड काढून आणायचे, सुपात मांडायचे, सावली आली की हळहळायचे, "फुटकंच हो बिचाऱ्याचं नशीब!" आणि पापड पुन्हा डब्यात भरायचे.

वर्षं गेली. पोरं मोठी झाली, सुना आल्या, घरं तेवढीच राहिली. एकेका माजघरात तीन-तीन जोडपी, मध्ये धोतराचे पडदे. एकाने कूस बदलली की ओळीने सगळ्यांना बदलावी लागे. मग लोक गोठे भाड्याने घेऊ लागले आणि गोठेवाले भाडं चढवू लागले. पाटील संतापला. त्याने आणखी एक नियम केला, गोठ्याचं भाडं वाढवायचं नाही! गोठेवाल्यांनी निमूट मान डोलवली, माणसं बाहेर काढली आणि पुन्हा म्हशी बांधल्या. म्हशी भाड्यावरून कटकट करत नाहीत आणि वर दूधही देतात.

"पोरंच फार झालीत," पाटील म्हणायचा. नाहीतर म्हणायचा, "सुतार आळशी झालेत." दरसाल काही बिऱ्हाडं बैलगाडीत बोचकी टाकून नदीपलीकडच्या गावी जायची. पाटील त्यांना वेशीपर्यंत पोचवायचा, हातावर दही घालायचा, उपरण्याने डोळे पुसायचा, आणि परत येऊन पुढच्या बांबूचा दिवस ठरवायचा.

अशात पाटलाच्या नातीचं, गोदूचं लग्न ठरलं. पाटलाच्या थट्टेला घरात हसणारी ती एकटीच. बाकीच्यांना सगळ्या थट्टा पाठ होत्या. नवरामुलगा सुताराचा. पंचक्रोशीतल्या लोकांची घरं उभी करायचा आणि स्वतः बापाच्या लाकडांच्या ढिगामागे झोपायचा.

गोदू म्हणाली, "आबा, लग्न झालं की आम्ही नदीपलीकडे जाणार."

पाटलाच्या हातातला अडकित्ता थांबला. "का गं? इथे काय कमी आहे?"

"जागा. तुम्ही पापड वाळवायला जागा राखलीत, खाणाऱ्यांना राहिली नाही."

"असं कसं? ठकूबाईच्या घराला लागून आपली जागा पडली आहे. या पौषात तुझा बांबू उभा करतो. बघूच काय होतं!"

बोलला खरा, पण त्या दिवसापासून त्याची थट्टा आटली. काय होतं ते त्याला ठाऊक होतं.

पौष आला. बांबू उभा राहिला, ठकूबाईने सुपात पापड मांडले. एक पंच पाटलाच्या कानाला लागला, "नातीचं घर आहे, आम्ही डोळे मिटतो." पाटलाला मोह झाला. पण वेशीवर ज्यांच्या हातावर दही घातलं होतं, ती तोंडं समोर आली. "नको," तो म्हणाला. "त्यांच्या वेळी उघडे होते ना? मग आताही उघडेच ठेवा."

सावली सरळ येऊन सुपावर बसली.

ठकूबाईने पदर डोळ्याला लावला. "पोरीला मी न्हाऊमाखू घातलंय, पाटील. पण नियम तुमचाच."

पाटील उठला, सुपाकडे गेला. त्याने सावलीतला पापड उचलला आणि कच्चाच तोंडात टाकला. मग दुसरा. मग तिसरा. "आता दाखवा, सावली कशावर पडली आहे!"

पंच पोट धरून हसले. पाटील चावत राहिला, आणि त्याचं तोंड वाकडं झालं. "ठकूबाई, कधीचे गं हे? खवट लागताहेत."

"वैशाखातले. मग कधीचे असणार?" ठकूबाई फणकारली. "पौषात कोणी पापड वाळवतं का? म्हणे हुशार पाटील!"

ही गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. म्हणूनच इतक्या वर्षांत कोणी बोललं नव्हतं.

पाटलाने कसाबसा घास गिळला. "मग आपण राखत काय होतो?"

ठकूबाईने सूप उचललं.

बांबू मात्र तसाच ठेवला. वैशाखात पाटलाने पंचांना भरल्या पंगतीतून ओढून आणलं. भर दुपार होती. अंगणभर ठकूबाईचे पापड कडकडीत वाळत होते, आणि बांबूची सावली दमलेल्या कुत्र्यासारखी त्याच्याच पायाशी मुटकुळं करून पडली होती.

गोदूचं घर उठलं. मागोमाग गावात माड्या चढल्या, धोतरांचे पडदे उतरले. गोठ्यांत म्हशी सुखाने राहिल्या, कारण आता गोठा कोणालाच नको होता.

गोदूच्या वास्तुशांतीला पाटील पहिल्या पंगतीत बसला. पानावरचा पापड झेंड्यासारखा उंच धरून म्हणाला, "पोरांनो, ऐकून ठेवा. तात्पर्य: नियम करणाऱ्याने सावली कोणावर पडते तेवढंच बघू नये, त्या नियमापायी उन्हात कोण उभं राहिलं तेही बघावं. आणि अधूनमधून आपला नियम आपणच चावून बघावा, खवट झालेला असतो!"

सगळी पंगत हसली. गोदू वाढता वाढता थांबली.

"खरंच की, आबा," ती म्हणाली. "मग नदीपलीकडे गेलेल्यांना परत बोलवायला तुम्ही जाताय, की बांबू पाठवताय?"