नव्या लेन्समधले वस्ताद

“...म्हणजे जुनी ठेवावी की नवी घ्यावी, एवढंच सांगा, वस्ताद.”

पृथ्वीराज सरनोबताने हे पुन्हा विचारले. तोवर चहावर साय धरली होती.

वस्ताद म्हणजे शंकरराव मिठारी. माणसाच्या चेहऱ्याचे छायाचित्र काढायला शिकावे ते त्यांच्याकडे, असे मानणारी माणसे कोल्हापुरात आजही आहेत. स्टुडिओ त्यांनी बंद केला होता. शिकवणे मात्र नाही.

सरनोबत हा त्यांचा सर्वांत हुशार शिष्य. हे त्याला कोणी सांगावे लागत नसे.

कलामंडळाच्या सभागृहात वस्तादांचे छायाचित्र लागायचे होते आणि ते काढण्याचा मान सरनोबताला मिळाला होता. त्याने ते दोनदा काढले. दोन्ही वेळा मनासारखे उतरले नाही. चेहरा वस्तादांचा, मिशी वस्तादांची. डोळे मात्र कोणा परक्याचे.

दोष त्याने लेन्सला दिला. ती कॅमेऱ्याबरोबर मिळालेली साधी झूम लेन्स होती. मग त्याने दुकानातून एक जड, रुंद तोंडाची, नामी झूम लेन्स वापरून पाहण्याच्या बोलीवर आणली आणि पुन्हा छायाचित्र काढले. ती ठेवून घ्यायची, तर वडिलांची मोटारसायकल विकावी लागणार होती. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होते.

जुन्या लेन्सचे दोष तो एकेक करून सांगू लागला. मध्यभागी ती बरी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण कडांना ती ढिली पडते, आणि कमी उजेडात तर पाहायलाच नको. नवी लेन्स कशी काठोकाठ धारदार आहे, हे दुकानदाराने त्याला पडद्यावर मोठे करून दाखवले होते.

“दुकानदार भला दिसतो,” वस्ताद म्हणाले. “मला शिष्य घडवायला वर्षं लागतात. त्यानं दुपारभरात घडवला.”

सरनोबत हसला नाही. त्याने पिशवीतून दोन छायाचित्रे काढली, एक जुन्या लेन्सचे, एक नव्या.

येथे वस्तादांची एक रीत सांगितली पाहिजे. अलीकडे ते कोणाचेही छायाचित्र हातात घेण्यापूर्वी, ज्याने ते काढले त्याला त्याचे वर्णन करायला लावीत. उजेड कोठून येतो, माणूस कोठे पाहतो, हात कसे ठेवले आहेत... सगळे ऐकून झाल्यावरच ते मत देत. शिष्यांना ही रीत कठीण, परंतु थोर वाटे. सरनोबताने ती स्वतःच्या वर्गातही सुरू केली होती.

“बोल,” वस्ताद म्हणाले.

“आज नाही बोलणार. मी बोललो, तर तुमचं मत माझ्याकडे झुकेल. आज तुम्हीच बघा.”

“मीच बघू?”

“तुम्हीच.”

वस्तादांनी हात पुढे केला.

नव्या लेन्सचे छायाचित्र त्यांनी दोन्ही हातांनी धरले, खिडकीच्या उजेडाकडे फिरवले, मान किंचित वळवली आणि पाहू लागले.

बराच वेळ पाहिले...

सरनोबत त्यांच्या चेहऱ्यावर मत उमटण्याची वाट पाहत होता. मग त्याचे लक्ष छायाचित्राकडे गेले. चित्राची बाजू खिडकीकडे होती. वस्ताद कागदाची कोरी पाठ पाहत होते.

ही परीक्षा असावी, असे त्याला वाटले. तो ओठांतल्या ओठांत हसलाही. वस्तादांनी कागद खाली ठेवला नाही.

“वस्ताद... फोटो उलटा आहे.”

“असं होय.”

त्यांनी तो सुलटा केला आणि तितक्याच निष्ठेने पुन्हा पाहू लागले.

सरनोबताच्या हातातली पिशवी खाली पडली.

त्याने काय विचारले, ते त्याला नंतर आठवले नाही. वस्तादांनी मात्र सारे सांगितले. नजरेच्या मधले सगळे गेले होते. आधी डाव्या डोळ्याचे, मग उजव्याचे. कडा शाबूत होत्या. त्यांच्या आधाराने घरात वावरता येई, दार सापडे, चहाचा कप सापडे. समोरच्या माणसाचा चेहरा तेवढा सापडत नसे. डॉक्टरांनी हात टेकले होते.

आज कोणती भाजी आहे हे सांगावे, तशा आवाजात त्यांनी हे सांगितले.

“मी तुम्हाला समोर बसवलं,” सरनोबत म्हणाला. “इकडे बघा, इकडे बघा म्हणालो. हनुवटीला धरून तोंड फिरवलं तुमचं... तुम्ही सांगितलं का नाहीत?”

“तू दोन हातांच्या अंतरावर उभा होतास. कॅमेरा डोळ्याला होता. मला वाटलं, दिसलं असेल.”

...

सरनोबताने दोन्ही छायाचित्रे गुडघ्यांवर घेतली. नव्या लेन्सच्या चित्रात पापणीचा केस न् केस सुटा दिसत होता. त्या पापण्यांखालची नजर कॅमेरा चुकवून, बाजूने, मागच्या भिंतीवर गेली होती. त्याने जुन्या लेन्सचे चित्र पाहिले. कडा ढिल्या होत्या.

नजर त्याच भिंतीवर गेली होती.

तो उठला, पुन्हा बसला. हा मान आपण मंडळाला परत करतो, दुसऱ्या कोणाकडून छायाचित्र काढून घ्यावे, असे तो म्हणू लागला. वस्तादांनी त्याला पुरते बोलू दिले नाही. फोटो माझा आहे, आणि मी असाच आहे. तेव्हा यांतलाच एक लावा, असे त्यांनी सांगितले.

संध्याकाळ होत आली होती. गिऱ्हाईकाचा फोन दोनदा वाजून गेला. सरनोबताने तो उचलला नाही.

“आणि लेन्स...” तो शेवटी म्हणाला. “तिचं काय करू, वस्ताद?”

“घे की कुठलीही. दोघींनीही तुझ्यापासून काही लपवलं नव्हतं.”