संडासाची कडी

बोरखळच्या शाळेत पालकसभा भरली होती. शाळा समितीच्या अध्यक्षपदाला दोनच उमेदवार होते. दौलतराव म्हणाले, "मी निवडून आलो की शाळेला संगमरवरी कमान." कुंदा घोडके म्हणाली, "मी आले की संडासाच्या दाराला कडी. वाऱ्यानं दार उघडतं, म्हणून पोरी एकमेकींसाठी ते बाहेरून धरून उभ्या राहतात."

दौलतराव खो खो हसले. "अध्यक्षानं काय कड्या बसवत हिंडायचं?"

"बरं, राहिलं. ऊन फार आहे, ताक घ्या," म्हणत कुंदानं त्यांच्यापुढे तांब्या ठेवला. दौलतराव पेल्यावर पेले रिचवत कमानीचं वर्णन करत राहिले. मग एकाएकी उठून व्हरांड्याच्या टोकाच्या संडासाकडे धावले.

आतून हाक आली, "अहो, कुणीतरी दार धरा."

कुंदानं जाऊन दोन्ही हातांनी धरलं. तेवढ्यात मुख्याध्यापक म्हणाले, "कुंदाताईंना ज्यांचं मत आहे, त्यांनी हात वर करा."

"दौलतराव," कुंदा म्हणाली, "माझं मत मलाच आहे. दार सोडू का?"

"सोडू नका बाई," आतून आवाज आला. "मी इथं दोन्ही हात वर केलेत. एक तुमचा, एक माझा."